पेन कोणाच्या हातात

"नोनी, माझ्याच हातात होतं फावडं," बिसाहू म्हणाला. "त्याच फावड्यानं तुझ्या भावाला बाहेर काढलं मी. अन् तूच गाण्यात असं म्हणते?"

सरकारी दवाखान्याच्या पलंगावर तो पाठीला उशी लावून बसला होता. डावा हात प्लॅस्टरमध्ये, एक डोळा सुजून बंद. बिसाहू निषाद छत्तीसगडचा; तिकडं पोरीला 'नोनी' म्हणतात. राखेच्या विटा पाडायला तरुणपणी चंद्रपूरकडे आला आणि पांढरघाट टोली या वस्तीतच राहिला. आदल्या दिवशी आठवडी बाजारात सात-आठ पोरांनी त्याला घेरलं, 'तुम्हीच बांध फोडला' म्हणत काठ्यांनी मारलं. मारताना त्यांच्या स्पीकरवर उत्पला खोब्रागडेचं गाणं मोठ्यानं चालू होतं.

आणि उत्पला आता त्याच्यासमोर उभी होती.

"काय म्हणते मी गाण्यात, बिसाहूभाऊ?"

त्यानं खाली बघत त्या ओळी म्हटल्या. सुरात नाही, नुसत्या सपाट आवाजात.

"राखड छातीत, राखड भातात. काम कोणाचं? फावडं कोणाच्या हातात?"

"फावडं नाही," उत्पला म्हणाली. "पेन. मी पेन म्हटलंय. सही कोणाची, पेन कोणाच्या हातात."

बिसाहूनं उघड्या असलेल्या डोळ्यानं तिच्याकडे पाहिलं. त्या डोळ्यात विश्वास नव्हता.

उत्पलाबरोबर आलेला तौसिफ दाराशी उभा होता. दोघं शाळेपासूनचे मित्र; तिच्या सगळ्या गाण्यांचे बीट त्याचेच. बाजारातल्या कुणीतरी मारहाणीचा व्हिडिओ काढला होता आणि तो गावभर फिरत होता. तौसिफनं तो मोबाईलवर लावला. काठ्यांचे आवाज, शिव्या, आणि त्या सगळ्यावर उत्पलाचा आवाज:

राखड छातीत, राखड भातात,
काम कोणाचं? फावडं कोणाच्या हातात?
बांध फुटला म्हणता? बांध नाही फुटला,
परक्यानं भरला कच्चा, म्हणून तो सुटला.

"कोणीतरी नक्कल केली," उत्पला म्हणाली.

तौसिफनं मान हलवली. "नक्कल नाही. बीट माझाच आहे. अन् दुसऱ्या ओळीआधी तू जो श्वास घेतला, तोही तुझाच. पोरांनी हे आपल्याच अल्बममधून लावलंय, सूरसाथ अॅपवरून."

*

'राखड' हा अल्बम उत्पलानं दोन वर्षं खपून लिहिला होता. वज्रधारा पॉवर कंपनीचा राखेचा बंधारा फुटला आणि पांढरघाट टोलीवर ओल्या राखेचा लोंढा आला, त्याची ही गाणी. बंधाऱ्याला तडे गेल्याचा अहवाल कुणी दाबला, 'सुरक्षित' म्हणून सही कुणी केली, ती नावं तिनं घेतली होती. मेलेल्यांत तिचा धाकटा भाऊ सुमेध होता.

अल्बम आला आणि वणव्यासारखा पसरला. कोल्हापूरपासून गोंदियापर्यंत लोक ऐकत होते. बाया निरोप पाठवायच्या, ताई, तू आमच्या मनातलं बोललीस. कॉलेजातली पोरं दंडावर ओळी गोंदवून घेत होती. शेवटच्या गाण्यात उत्पलानं वज्रधाराच्या नव्या बंधाऱ्याच्या जनसुनावणीची तारीख आणि जागा सांगून सगळ्यांना बोलावलं होतं. राज्यभर तो अल्बम वाजत असताना त्या सुनावणीला सभागृहातल्या खुर्च्या रिकाम्या होत्या. माणसंच नाहीत म्हणून ती पुढं ढकलली गेली. लोक असे कसे, हे तिला तेव्हा कळलं नव्हतं.

आता ती आणि तौसिफ पुण्याला, सूरसाथच्या कार्यालयात गेले. तिथं केतकी नावाची मुलगी त्यांना भेटली. उत्पलाच्याच वयाची, नम्र. तिच्याही कानात कुडी होती.

कुडी म्हणजे कानात बसणारं ते हरभऱ्याएवढं यंत्र. आता ते कुणाच्या कानात नसतं? गाणी, फोन, बातम्या, सगळं तिच्यातूनच. कानाच्या आतली कातडी पातळ असते आणि मोठी रक्तवाहिनी जवळून जाते, त्यामुळे कुडीला नाडी कळते, घाम कळतो, जबडा आवळला की तेही कळतं. सुरुवातीला हे कमी ऐकू येणाऱ्यांसाठी होतं. प्रत्येकाचा कान वेगळा, म्हणून आवाज ज्याच्या त्याच्या कानाप्रमाणे बदलायचा. त्याला 'जुळणी' म्हणत. मग यंत्र गाण्याचा ताल बदलायला शिकलं, पट्टी बदलायला शिकलं.

"आणि आता शब्द," उत्पला म्हणाली.

"हो. गेल्या वर्षापासून," केतकी म्हणाली. "ताई, यंत्राला एकच काम दिलंय. ऐकणाऱ्यानं कुडी काढू नये. बाकी काही नाही. ते तुमच्या आवाजातच एखादा शब्द बदलून बघतं. नाडी काय म्हणते ते पाहतं. माणूस कंटाळला की दुसरा शब्द. असं हळूहळू प्रत्येकाचं गाणं तयार होतं."

"फावडं हा शब्द कोणी घातला?"

"कोणीच नाही. खरंच कोणी नाही." केतकीनं समोरच्या पडद्यावर दोन रेषा काढून दाखवल्या. "ही तुमची मूळ ओळ ऐकणाऱ्यांची नाडी. सही, अधिकारी, कंपनी. आधी राग चढतो. पण इतक्या मोठ्या माणसाचं आपण काय करणार, असं वाटून माणूस थकतो आणि कुडी काढून ठेवतो. आणि ही दुसरी रेषा. इथे राग शेजारच्या, गरीब, परक्या माणसावर आहे. तो चढतो आणि उतरतच नाही. माणूस पुन्हा पुन्हा ऐकतो."

"म्हणून बिसाहूचा हात मोडला."



"अन् सुनावणीची तारीख?" तौसिफनं विचारलं. "ती किती जणांच्या गाण्यात राहिली?"

केतकीनं पडद्याकडे पाहिलं आणि मग टेबलाकडे. "फार कमी. घरून उठून कुठंतरी जा म्हटलं की लोकांना ओझं वाटतं. बहुतेकांच्या गाण्यात शेवटी तुम्ही त्यांचे आभार मानता. ऐकलंत, हीच तुमची लढाई, असं काहीतरी."

उत्पला उठून उभी राहिली.  दोन वर्षं तिनं एकेक शब्द दगडासारखा घासला होता, कंपनीच्या लोकांच्या धमक्या ऐकल्या होत्या. आणि राज्यभर लोक जिला डोक्यावर घेऊन नाचत होते, ती उत्पला अस्तित्वातच नव्हती. ज्याच्या त्याच्या कानात ज्याची त्याची उत्पला बसली होती आणि त्याला हवं ते त्याला ऐकवत होती.

"मग मी बनवलेलं गाणं ऐकलं कोणी?"

"तुम्ही स्वतः," केतकी म्हणाली. "तुमच्या कुडीत ते जसंच्या तसं आहे. त्यात काही बदलावं असं तुमच्या शरीरानं कधी सांगितलंच नाही."

"बंद करा. जुळणी बंद. सगळ्यांना एकच गाणं, मी लिहिलेलं."

"तुमचा हक्क आहे तो. पण लोकांपुढं आम्ही गाण्यांची जी यादी ठेवतो, तीत तुम्ही एकदम तळाला जाल. आणि आतापर्यंत जुळलेली सगळी गाणी पुसली जातील. कुणाकुणाला त्यांचा खूप आधार असतो, ताई. उद्यापर्यंत विचार करा."

बाहेर पडल्यावर उत्पला तौसिफवर उलटली. "परवानगी तूनं दिली होती. अपलोड करताना."

"दिली. आवाज सुधारायला लागतील ते बदल, असं लिहिलं होतं. सगळेच देतात. नाही दिली तर सूरसाथ कोणापुढं गाणं ठेवतच नाही." त्याचाही आवाज चढला. "अन् त्याच्याआधी आपल्याले कोण ऐकत होतं, उत्पला? सांग ना. कोण?"

उत्पला वळून एकटीच पुढं चालू लागली.

*

घरी तिची आई, शेवंताबाई, ओसरीवर मेथी निवडत बसली होती. अंगणवाडीत मदतनीस होती ती. सुमेध गेल्यावर तिची झोप उडाली होती. भाजी चिरता चिरता हात थांबायचा आणि ती भिंतीकडे बघत राहायची. अल्बम आल्यापासून ती झोपू लागली होती. रोज दुपारी चौथं गाणं लावायची, सुमेधचं. उत्पलाला वाटायचं, हीच आपली कमाई.

पुण्याहून येताना गाडीत तिच्या मनात तोच एक विचार होता. चौथ्या गाण्यात तिनं जे लिहिलं होतं, ते ऐकून आई झोपते कशी?

"माय, तुह्यं गाणं मले बी ऐकव ना. जोडून दे."

शेवंताबाईनं हसून आपली कुडी लेकीच्या कुडीला जोडली. आता आईच्या कानात जे वाजेल, तेच उत्पलाला ऐकू येणार होतं.

उत्पलानं लिहिलं होतं:

फोन लावला तेव्हा राख छातीला होती,
तिकडून म्हणाले, थांब, साहेब जेवतात.
तो थांबला. राख थांबली नाही.

आईच्या कानात उत्पलाचाच आवाज, अगदी हळू, म्हणत होता:

दमून आला होता, उशीवर डोकं टेकलं होतं,
कळलंच नाही त्याला, कळलंच नाही.
झोपेतच गेला, माय, झोपेतच गेला.

शेवंताबाईचे डोळे मिटलेले होते. चेहरा शांत. "तूनं लय चांगलं केलं बापा, हे लिहिलं तर," ती म्हणाली. "त्याले तरास नाही झाला, हे तुह्या तोंडून ऐकलं का मले बरं वाटते."

उत्पला उठून मोरीत गेली आणि तोंडावर पाणी मारत राहिली.

सुमेध झोपेत गेला नव्हता. रात्रपाळी करून तो घरी आला होता, हे खरं. आई बाजाराला गेली होती, हेही खरं. पण लोंढा आला तेव्हा तो जागा होता. दार राखेनं दाबलं गेलं होतं. त्यानं आधी कंपनीच्या नियंत्रण कक्षाला फोन लावला, मग नागपूरला उत्पलाला. तिनं शेवटपर्यंत तो फोन कानाला धरून ठेवला होता. त्या संध्याकाळी आईनं विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, झोपेत गेला, माय. मग खरं ते तिनं गाण्यात लिहिलं. तोंडानं सांगता येत नव्हतं, गाण्यातून तरी आईपर्यंत पोचेल म्हणून. यंत्रानं आईची नाडी चाचपत चाचपत बरोबर तेच खोटं पुन्हा शोधून काढलं होतं.

आता जुळणी बंद केली, तर आईला सगळं कळणार. नाही केली, तर आणखी एखाद्या बिसाहूच्या पाठीत काठ्या बसणार आणि त्यावर उत्पलाचा आवाज वाजणार.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा दवाखान्यात गेली. बिसाहूची बायको खाली फरशीवर बसून त्याला पेज भरवत होती. उत्पलाला बघून तिनं पदर तोंडाला लावला आणि मान फिरवली. उत्पलानं तिथंच, व्हरांड्यात उभं राहून केतकीला फोन केला.

"बंद करा."

मग तिनं घरी जाऊन आईला सांगायला हवं होतं. ती निघालीही. पण वाटेत पोलिस ठाण्यातून बोलावणं आलं, मारहाणीच्या जबाबासाठी. तिथं तास गेले. ती घरी पोचली तेव्हा दुपार उलटून गेली होती.

शेवंताबाई ओसरीवरच होती. कुडी तिच्या पुढ्यात फरशीवर पडली होती.

"साहेब जेवत होते?" तिनं विचारलं.

उत्पलानं खाली वाकून कुडी उचलली.

"माह्यं लेकरू गळ्यापर्यंत राखेत, अन् साहेब जेवत होते? हे तुले ठाऊक होतं?"

"माय, ते मशीन..."

"मशीनचं सांगू नोको!" शेवंताबाई ओरडली. शेजारच्या बाया दारात आल्या. "मशीनीवर चिडून राहिली तू? मशीन मंग आली. पह्यले तर तूनंच माह्यासाठी गाणं जुळवलं. सगळ्या जगाले सांगत सुटली, अन् मले नाही? माह्या पोराचं मरण माह्यापासून लपवलं तूनं! मी त्या कंपनीच्या साहेबाले चहा देल्ला, उत्पला. घरी आल्ता तो, मदतीचा चेक घेऊन. हात जोडले मी त्याले!"

ती उठली, आत गेली, आणि तिनं दार लावून घेतलं. उत्पला ओसरीवर बसून राहिली. तिला वाटलं होतं आई रडेल. आई रडत नव्हती. आतून भांडी आपटल्याचा आवाज येत होता.

*

त्या आठवड्यात लोकही बिथरले. ज्यांनी ओळी गोंदवून घेतल्या होत्या, तेच लिहू लागले, उत्पला विकली गेली. कंपनीनं गाणी बदलायला लावली. आमची जुनी उत्पला परत द्या. अकोल्याच्या एका पोरानं रडत रडत व्हिडिओ टाकला: ताई, तुम्ही माझ्याशी बोलायच्या, आता तुम्ही दुसऱ्याच कुणाशी तरी बोलता. बाजारातल्या पोरांपैकी दोघं जामिनावर सुटून तिच्या दारात आली.

"गाणं काहून बदलवलं बे?"

"बदलवलं नाही. पह्यलेपासून हेच होतं."

"खोटं नको बोलू. आम्ही काय बहिरे आहो का? तूच म्हणे, परक्यानं बांध फोडला म्हणून."

"जे म्हणत होतं ते तुह्यंच तोंड होतं," उत्पला म्हणाली. "आवाज तेवढा माहा चोरला होता. चाल, बिसाहूच्या पुढं म्हणून दाखव ते."

पोरगा दात खाऊन पुढं सरकला. दुसऱ्यानं त्याचा दंड धरून मागं ओढलं. जाताना त्यांनी तौसिफच्या गाडीची काच फोडली. तौसिफ काचा गोळा करत म्हणाला, "यादीत आपण शोधूनही सापडत नाही आता. पण एक गोष्ट आहे. जे थोडे राहिले, ते सगळे चौथं गाणं पूर्ण ऐकतात. अन् विचारतात, सुनावणी कुठं आहे."

उत्पलानं खाली वाकून त्याच्याबरोबर काचा उचलायला सुरुवात केली. भांडण मिटलं, असं दोघांपैकी कुणी म्हटलं नाही.

पुढं ढकललेली जनसुनावणी त्याच महिन्यात, तहसीलच्या सभागृहात झाली. सभागृह भरलं नव्हतं, पण या वेळी खुर्च्याही रिकाम्या नव्हत्या. टोलीतली माणसं होती. भुसावळहून एक मास्तर बाई आल्या होत्या, परळीहून राखेच्या गावातली काही माणसं. कधी न पाहिलेली, पण तीच ओळ ऐकून आलेली. बिसाहू गळ्यात हात बांधून भिंतीपाशी बसला होता.

मंचावर सुनावणीचे अध्यक्ष, शेजारी वज्रधाराचे दोन अधिकारी. तिघांच्याही कानात कुड्या. कंपनीच्या माणसानं नव्या बंधाऱ्याची उंची, मजबुती, रोजगार हे सगळं गोड आवाजात सांगितलं. मग हरकती मागवल्या. उत्पला उठायच्या आत पुढच्या रांगेतून शेवंताबाई उठली.

त्या दुपारनंतर ती लेकीशी एक शब्द बोलली नव्हती. सुनावणीला येणार असंही तिनं सांगितलं नव्हतं. ती माइकसमोर उभी राहिली, पदर खोचला, आणि बोललीच नाही. नुसती अध्यक्षांच्या कानाकडे बघत राहिली.

"बोला बाई," अध्यक्ष म्हणाले.

"ते कानातलं काढा, साहेब. मंग बोलतो."

"अहो, गोंगाट गाळायला आहे ते. तुमचं बोलणं जास्त स्पष्ट ऐकू येतं."

"मले बी असंच वाटे," शेवंताबाई म्हणाली. "माह्या कानातबी होती. लय स्पष्ट ऐकू ये. माहा पोरगा झोपेत गेला, असं ऐकू ये. तुमच्या कानात मी काय बोलून राहिली हे मले ठाऊक नाही. तुम्हाले बरं वाटंल असंच काहीतरी बोलत असंल मी. आभार मानत असंल तुमचे. काढा ते."

कंपनीचा माणूस अध्यक्षांकडे झुकून काहीतरी कुजबुजला. अध्यक्ष म्हणाले, "हे बघा, तुमच्याकडे ठरावीकच वेळ आहे."

"जाऊ द्या वेळ. तुम्ही काढेपर्यंत मी इथून हालत नाही."

मागं कुणीतरी टाळी वाजवली आणि शेवंताबाईनं न वळता हात वर करून ती थांबवली. सभागृहात पंख्यांची घरघर तेवढी ऐकू येत होती. परळीच्या एका म्हाताऱ्यानं आपली कुडी काढून सदऱ्याच्या खिशात टाकली. मग त्याच्या शेजारच्यानं. अध्यक्ष ते पाहत होते. शेवटी त्यांनी चष्मा सारखा केला, कानाला हात लावला आणि कुडी काढून टेबलावर ठेवली.

"तुमची बी," शेवंताबाई वज्रधाराच्या अधिकाऱ्यांना म्हणाली.

त्यांनीही काढली.

मग ती बोलली. कागद नाही, ताल नाही, यमक नाही. सुमेधनं कुणाला फोन लावला, तिकडून काय उत्तर आलं, कोण जेवत होतं. बंधारा 'सुरक्षित' म्हणून कुणाकुणाच्या सह्या होत्या, ती नावं तिनं एकेक करून मोठ्यानं घेतली; त्यातला एक जण समोरच बसला होता, तिचा चहा प्यालेला. मग तिनं भिंतीकडे बोट केलं. "तो बिसाहू. त्यानं माह्या पोराले फावड्यानं उकरून बाहेर काढलं. त्याले मारलं तुमच्या गावच्या पोरांनी. त्याची माफी आजवर कोणी मांगली नाही. मी मांगतो." बोलताना तिचा आवाज फाटला, चिरका झाला, खाकरून पुन्हा लागला. आपल्या गाण्यात हा आवाज कधीच नव्हता, हे उत्पलाला कळलं. तिला आईच्या शेजारी जाऊन उभं राहावंसं वाटलं. पण आईनं तिच्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं, म्हणून ती जागेवरच बसून राहिली.

शेवंताबाईचं बोलून झालं. अध्यक्षांनी खाली मान घालून काहीतरी लिहिलं. मग सवयीनं त्यांचा हात टेबलावरच्या कुडीकडे गेला.

शेवंताबाई अजून माइकपाशीच होती. तिच्या मागं परळीचा म्हातारा येऊन उभा राहिला होता, त्याच्यामागं मास्तर बाई, आणि त्यांच्यामागं, गळ्यात हात बांधलेला बिसाहू.

"राहू द्या, साहेब," ती म्हणाली. "मांगं माणसं हाय अजून."